अर्ध्या तासाचा डॉक्टर

"पंधरा मिनिटं बाकावर बसायचं. उठायचं नाही, बाहेर जाऊन सिगरेट ओढायची नाही," नर्स म्हणाली आणि माझ्या दंडावर कापसाचा बोळा दाबला. पोरगी माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. सुई टोचायच्या आधी कागदावरून नजर न काढता तिनं विचारलं होतं, "पूर्वी कधी लशीचा त्रास झालाय? अंगावर गांध्या, श्वास कोंडणं, असलं काही?" मी म्हणालो, "मला नाही." "मग कुणाला?" "एका घोडीला." तेव्हा तिनं मान वर केली आणि खुदकन हसली. "आताके, घोडीचं नका सांगू, तुमचं सांगा." बापाच्या वयाच्या माणसाला आमच्याकडे आताके म्हणतात. मी म्हटलं, बाई, मी घोड्यांचा डॉक्टर, त्यामुळे तोंडातून निघून गेलं. "मग तुम्हाला काय शिकवायचं! तुम्ही पण त्यांना बाकावर बसवत असाल," असं म्हणून तिनं पुढच्याला हाक मारली. मी कोट खांद्यावर टाकून भिंतीकडेच्या बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारी, पलीकडे दोन कॉलेजातली पोरं, समोर बिश्केकच्या ऑक्टोबरातली मळकट खिडकी. दरवर्षी मी इथं येतो, दरवर्षी पंधरा मिनिटं बसतो आणि कधी काही होत नाही. यंदा फरशी पुसणारी बाई आली, तिनं जस्ताची बादली माझ्या बुटांपाशी आणून ठेवली आणि फडकं आणायला आत गेली. बादली काठोकाठ भरलेली. काठाला एके ठिकाणी पोचा आणि पाणी अजून थरथरत होतं. बस, एवढंच. माझ्या कपाळाला घाम फुटला, तळहात गार पडले आणि मी स्वतःच्या नकळत ओरडलो, "ती बादली उचला आधी!" बाई फडकं घेऊन दारात उभी. "काय झालं? चावते का ती?" पोरं फिसकन हसली. म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, "लशीनं होतं असं कुणाकुणाला. पाणी पी जरा." बादलीकडे बोट दाखवून म्हणाली की काय कोण जाणे, पण मला तसंच वाटलं.

मी जबड्याखाली दोन बोटं लावून नाडी पाहिली. घोड्याची तिथंच बघतात, हाताला सवय झालीय. जोरात चालली होती, पण लशीची नव्हती ती. लशीचं काय असतं हे मला विचारा. सुई जिथं टोचली तिथं गोळा येतो, घोडा मान खाली घालत नाही, मग लोकांना वाटतं त्यानं खाणं सोडलं. खाणं सोडलेलं नसतं, मान दुखत असते बिचाऱ्याची. गवत छातीच्या उंचीला टांगायचं, पाण्याचं भांडं स्टुलावर ठेवायचं, ऊन फडक्यानं शेकायचं, लगामाला धरून हळूहळू फिरवायचं आणि चार दिवस खोगीर चढवायचं नाही. ताप येतो, एक दिवस राहतो, जातो. पण हजारात एखादं जनावर असं निघतं की त्याला दहाव्या मिनिटाला मानेवर गांध्या उठतात, बरगड्यांखाली थरथर सुरू होते, कान गार पडतात, ते पोटाकडे वळून वळून बघतं. तेव्हा तुमच्या हातात अॅड्रेनालिनची भरलेली सिरिंज पाहिजे. पेटीत नाही, गाडीत नाही, हातात. शर्यतीच्या मैदानावरच्या तबेल्यात मी चौदा वर्षं आहे, आणि लस टोचल्यावर प्रत्येक घोड्यापाशी अर्धा तास उभा राहतो, वरच्या खिशात भरलेली सिरिंज घेऊन. आधी कधी गोळा आलेला असेल तर एका वेळी एकच लस, दुसरी तीन आठवड्यांनी, मानेच्या दुसऱ्या बाजूला. कुपीचा नंबर घोड्याच्या पुस्तकात लिहितो. सुरुवातीला सगळे वैतागायचे. जॉकी पोरं मला लांबून बघितलं की ओरडायची, "पळा रे, अर्ध्या तासाचा डॉक्टर आला!" एकदा एक मालक म्हणाला, "शार्शेन बायके, घोड्याला लस दिलीत की मुलगी? निरोप घ्यायला एवढा वेळ लागतो?" बायके म्हणजे थोरला भाऊ, मला सगळे तसंच म्हणतात. मीही हसलो होतो. आता नव्या डॉक्टरांना माझं उदाहरण देतात, असा कसोशीचा माणूस होणे नाही म्हणतात. मी मूग गिळून ऐकतो. कसोशी कसली आली बोडक्याची! मी एका घोडीपाशी उभा राहिलो नाही, म्हणून हजार घोड्यांपाशी उभा राहतोय. आणि तेही एक वेळ ठीक होतं, घोडी तर गेली. पण घोडीबरोबर माणूसही गेलं, आणि ते माणूस जिवंत आहे, ऑर्तो-सायच्या बाजारात हातगाडीवर नान विकतं, आणि मी सहा वर्षं नान दुसऱ्या बाजारातून आणतोय.

नऊ दिवसांपूर्वी कादिरकुल आताके गेले. घोडी त्यांची होती. सुसामिरच्या खोऱ्यातला म्हातारा, मरताना शहाऐंशीचा. त्यांच्या मुलानं, एर्मेकनं, फोन केला आणि मी पहाटे निघून घाट ओलांडून गेलो. आमच्याकडे मयताला पुरुष लांबूनच मोठ्यानं रडत येतो, कमरेत वाकून, "माझा बाप गेला रे" असं ओरडत. मीही तसाच गेलो. घसा फाटेस्तोवर रडलो. नमद्याच्या तंबूत बायका भिंतीकडे तोंड करून विलापाची गाणी म्हणत होत्या, एकीचं संपलं की दुसरीचं. बाहेर घोडे बांधायच्या दोरीपाशी एक बाई एकटीच उभी होती. पांढरा रुमाल, शहरी कोट, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी, बहुधा नानच. उमसुनाय. एर्मेकची पहिली बायको, एका उन्हाळ्याची सून. शेअरच्या टॅक्सीनं एकटी आली होती. सासऱ्यासाठी विलाप म्हणायचा हक्क सुनेचा, काडीमोड झाली तरी कोणी आडकाठी करत नाही, पण तंबूतून म्हाताऱ्या साकिन आपाचा, सासूचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "तिला आत आणू नका. जिच्या हातानं कार्लिगाश घोडी गेली, ती माझ्या म्हाताऱ्याला रडणार होय?" उमसुनाय दीड तास तिथं उभी होती. एकदा तिनं माझ्याकडे बघितलं. मी ओळख दिल्यासारखी मान हलवली. तेवढंच केलं. मग ती खाली रस्त्याला गेली आणि आम्ही जेवायला बसलो. माझ्यापुढे मानाचं हाड ठेवलं. एर्मेक म्हणाला, "घ्या बायके. आमच्या कार्लिगाशसाठी तुम्ही कसे धावलात, ते बाप शेवटपर्यंत सांगायचा." मी हाड घेतलं. खाल्लं. दर हिवाळ्याला म्हातारा शहराकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हातानं मला चुचुक, आतड्यात घोड्याचं मांस भरून वाळवलेले, पाठवायचा, एकोणीस वर्षं, तेही मी खाल्ले होते. चवीनं खाल्ले होते, खोटं कशाला बोलू.

कार्लिगाश म्हणजे पाकोळी. करड्या रंगाची, पायाला हलकी. एकोणीस वर्षांपूर्वी जूनमध्ये मी सरकारी जीप घेऊन काळपुळीची लस टोचत खोरंभर फिरत होतो. वय एकोणचाळीस, म्हणजे शिकाऊ होतो असंही म्हणायची सोय नाही. कादिरकुल आताकेंच्या तंबूपाशी सकाळपासून छत्तीस घोडे झाले, कार्लिगाश सदतिसावी. म्हातारा त्याच दिवशी तिच्यावर बसून कळप गोळा करून आला होता, तिच्या काखेत अजून घाम होता. तो तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "पोरा, गेल्या वर्षी हिला टोचल्यावर मोठा गोळा आला होता, अंगावर फोडपण उठले होते. बघ बाबा, जपून." स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं त्यानं. मी म्हणालो, "येतो गोळा, जातो गोळा," आणि टोचली. पुस्तकात अर्धा तास लिहिलेला होता, मला पाठ होता. पण तंबूच्या दारातून साकिन आपा ओरडली, "नान ठेवलाय रे समोर! चाखून जा, नाहीतर नानाला पाठ दाखवून गेलास म्हणेन!" आमच्यात समोर ठेवलेल्या नानाला पाठ दाखवणं म्हणजे घराच्या तोंडात मारणं. सगळं खरं. पण त्याला एक घास पुरतो. उंबऱ्यात उभ्या उभ्या एक तुकडा मोडायचा, तोंडात टाकायचा, तोंडावरून हात फिरवायचा आणि चालू लागायचं, कोणी वावगं धरत नाही. रीत एका घासाची होती. मी आत जाऊन मांडी ठोकून बसलो आणि किमिझचे, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, तीन वाडगे प्यायलो. त्या वर्षीचं पहिलं किमिझ, धुराचा वास असलेलं. सीटखालच्या पेटीतलं अॅड्रेनालिन ओढ्यापलीकडे जीपमध्ये होतं. एवढे सगळे घोडे झाले, एकालाही काही झालं नाही, सदतिसाव्यालाच काय व्हायचंय, असं मी मनात म्हटलं नाही. मनात काही म्हटलंच नाही. बसलो.

दुसरा वाडगा अर्धा झाला असेल. बाहेर शिंगराच्या खिंकाळण्याचा आवाज आला, बारीक, परत परत. शिंगरू कार्लिगाशचंच. मग उमसुनाय दारात आली. तीन महिन्यांची नवी सून, एकोणीस वर्षांची, डोक्यावरचा रुमाल भुवयांपर्यंत ओढलेला. म्हाताऱ्यानं तिला घोडी दोरीला बांधून ठेव म्हणून सांगितलं होतं, आणि मी म्हणेपर्यंत पाणी दाखवू नकोस असंही बजावलं होतं. ती दारात उभी राहिली, बोलली नाही. नव्या सुनेनं सासऱ्यासमोर आवाज काढायचा नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, पाहुणा जेवत असताना तर नाहीच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले. साकिन आपा म्हणाली, "उभी काय राहिलीस खांबासारखी? डॉक्टरांना वाढ." तिनं बुधल्यातून माझा वाडगा भरला. तिचा हात थरथरत होता, थोडं किमिझ माझ्या गुडघ्यावर सांडलं. म्हातारा हसला, "नवी आहे, घाबरते." मी पण हसलो. मी तो हात बघितला होता. घाबरलेलं माणूस आणि घाबरलेलं जनावर मला लांबून ओळखता येतं, माझा धंदाच तो. तरी मी तिसरा वाडगा तोंडाला लावला. ती सासूच्या कानाशी वाकली, "आपा, घोडी..." "जेवू दे गं त्यांना, घोडी कुठं पळून चालली?" आणि मग बाहेर धप्पकन आवाज झाला. भरलेलं पोतं टाकल्यावर होतो तसा, पण जमीन हलली.

मी पहिला बाहेर पडलो. म्हाताऱ्याचा गुडघा गेलेला, साकिन आपाला उठायला वेळ, एर्मेक कळपाबरोबर डोंगरावर. कार्लिगाश आडवी पडली होती, नाकातून गुलाबी फेस, श्वासाची शिट्टी, पोटावर बशीएवढ्या गांध्या. मी उमसुनायला ओरडलो, "जीपमधली सीटखालची पेटी आण, पळ!" ती पळाली, एक चप्पल वाटेतच राहिली. मी घोडीच्या मानेवर वाकलो, हिरडीवर बोट दाबलं, हिरडी निळी होती. तिचा डोळा माझ्याकडे होता. शिंगरू दोरी ताणून ओरडत होतं. मग शिट्टी थांबली. आणि तेव्हा मी ती बादली बघितली. घोडीच्या तोंडापासून दोन हातांवर, जस्ताची, ओढ्याचं पाणी भरून आणलेली, चहाच्या समोवारसाठी. पोरीनं पाणी आणता आणता घोडी थरथरताना बघितली असणार आणि बादली तिथंच ठेवून आमच्याकडे धावली असणार. बादली काठोकाठ भरलेली होती. त्यातून एक थेंब कमी झाला नव्हता. वर गवताची एक काडी तरंगत होती, तीसुद्धा मला अजून दिसते. तंबूकडून म्हातारा लंगडत येत होता आणि लांबूनच ओरडत होता, "काय झालं रे? पाणी पाजलं का कुणी तिला?" त्याला अजून दिसत नव्हतं. मी उभा राहिलो. माझा पाय उचलला गेला आणि बादली आडवी झाली. गेली एकोणीस वर्षं मी स्वतःला सांगतोय की उठताना धक्का लागला. नाही लागला. मी पायाच्या चवड्यानं तिचा काठ दाबला, आधी ती कलली, थोडं पाणी सांडलं, पुरेशी कलली नाही म्हणून मी आणखी दाबलं.

म्हातारा आला तेव्हा घोडीच्या तोंडापाशी चिखल होता आणि रिकामी बादली. तो खाली बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं. उमसुनाय पेटी छातीशी धरून धावत आली, तोपर्यंत सगळं ठरून गेलं होतं. "पाणी दाखवलंस?" म्हाताऱ्यानं विचारलं, सासरा सुनेशी थेट बोलत नाही तरी. ती म्हणाली, "बादली ठेवली होती... पाजलं नाही." "ठेवली होती ना!" साकिन आपा मागून किंचाळली. पोरगी चिखलाकडे बघत राहिली, मग बादलीकडे, मग माझ्याकडे. म्हातारा माझ्याकडे वळला. रागावलेला नव्हता, रडत होता. "डॉक्टर, तूच सांग. तापलेल्या घोडीला ओढ्याचं पाणी पाजलं, तर होतं असं?" आणि मी, पशुवैद्यकाची पाच वर्षं शिकलेला, सरकारी शिक्का खिशात असलेला मी, म्हणालो, "होतं." वर आणखी म्हणालो, "बर्फाचं पाणी ते, होतं." पडायच्या आतच तिनं पाणी प्यायलेलं असणार, असं सगळ्यांनी आपापसात जुळवून घेतलं. मला काही जुळवावं लागलं नाही. संध्याकाळी निघताना साकिन आपानं डोळे पुसत माझ्यापुढे पुन्हा नान धरला. मी चाखला. ऑगस्ट संपता संपता उमसुनायला तिच्या बापाच्या घरी परत पाठवली. तिच्या हाताला यश नाही म्हणाले. खोऱ्यात पुढं कोणी तिला मागणी घातली नाही, मग ती शहरात आली. हे मला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं, कारण खोऱ्यातली घोड्यांची माणसं माझ्याकडेच येतात आणि तबेल्यात बसून गप्पा मारतात. "ती हो, पाणी पाजून घोडी मारणारी!" हसून सांगतात. अशा वेळी मी कुठल्या तरी घोड्याचा खूर उचलून बघत राहतो.

"आताके, झाली पंधरा मिनिटं. बरं वाटतंय ना? चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा," नर्स समोर उभी होती. बादली केव्हाच उचलली गेली होती, फरशीवर तिचा ओला गोल तेवढा होता. मी म्हणालो, "बरंय." दंड ठणकायला लागला होता. अकरा वाजता तबेल्यात दोन घोड्यांना फ्लूची लस द्यायची होती, मी फोन करून सांगितलं, आज नको, उद्या. पलीकडचा पोरगा म्हणाला, "काय बायके, तुम्ही आणि नागा?" मी फोन बंद केला. बसथांब्यावर तबेल्याकडे जाणारी बस आली, मी चढलो नाही. मग ऑर्तो-सायची आली. चढताना वाटलं की नुसतं लांबून बघू, नान घेऊ एक, परत येऊ. असं मला यापूर्वीही चार-पाचदा वाटलेलं आहे. बसमध्ये उभा होतो आणि नाकात किमिझच्या धुराचा वास येत होता, शेजारच्या माणसानं वास मारणारा रॉकेलचा स्टोव्ह मांडीवर घेतला होता तरी. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मी, आणि परीक्षेला चाललेल्या पोरासारखे हात कोटाला पुसत होतो.

ती बाजाराच्या मागच्या दाराशी असते. लहान मुलाच्या जुन्या बाबागाडीवर फळी टाकून तिनं हातगाडी केलीय, त्यावर जाड गोधडीत गुंडाळलेले गरम नान. "गरम, गरम! दात नसलेल्यांना मऊ, दात असलेल्यांना खरपूस!" तिचा आवाज फाटका आणि मोठा. सासऱ्यासमोर न निघालेला तो आवाज असा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. मला बघून थांबली. रुमाल नीट केला. "डॉक्टर बायके? तुम्ही?" आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही तरी मान हलवलीत माझ्याकडे बघून. बाकी कोणी बघितलंसुद्धा नाही. परत येताना सगळा घाट मी तेच मनात घोळवत होते, की डॉक्टर बायकेंनी मान हलवली." तिनं गोधडी उघडून वरचा चांगला नान काढला, मला चाखायला द्यायला. मी म्हणालो, "थांब. तो हातात धरू नकोस. आधी ऐक." आणि सांगितलं. उभ्या उभ्या, माणसं जात-येत असताना, जसं घडलं तसं. लशीनं गेली. मी आत बसलो होतो म्हणून गेली. "बादली भरलेली होती, उमसुनाय. मी ओतली. पायानं."

तिनं नान परत ठेवला. बराच वेळ गोधडीची कड सारखी करत राहिली. एका बाईनं दोन नान मागितले, तिनं ते दिले, सुटे परत दिले, बरोबर दिले. मग म्हणाली, "किती भरलेली?"

"काठोकाठ. वर गवताची काडी होती."

"म्हणजे मी पाजलं नव्हतं."

"नव्हतं."

"पण मला आठवतंय," ती म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता, दारात उभ्या राहिलेल्या सुनेचा. "पहिली दोन-तीन वर्षं मी म्हणायचे, पाजलं नाही. मग म्हणायला लागले, पाजलं असेल. आता मला तिचे ओठ आठवतात बायके. पाण्यात बुडवलेले. घोट घेताना तिच्या गळ्याखाली गोळी वर-खाली होते, ती दिसते. माझ्या हातावर तिच्या नाकाचा श्वास लागतो. रोज कणीक मळताना लागतो. ते सगळं मग कुणाचं? ते कुठनं आलं माझ्यात?"

मी म्हणालो, "माझ्यामुळे आलं." ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता अजून, राग यायला वेळ लागतो. "मी दारात येऊन उभी राहिले होते," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या हाताकडे बघितलं होतंत. मला वाटलं, यांना समजलं. डॉक्टर आहेत, समजलं यांना, उठतील आता." "समजलं होतं," मी म्हणालो. "थोडं समजलं होतं." ती म्हणाली, "आणि प्यायलात." "प्यायलो."

"मला कशाला सांगताय?" आता ती ओरडली, आणि शेजारच्या कांदेवाल्यानं वळून बघितलं. "मला सांगून काय उपयोग? म्हातारा मेला! तो मला मारेकरीण समजून मेला! चाळिसाव्या दिवसाला सगळं खोरं जमेल, तिथं सांगा. साकिन आपाच्या तोंडावर सांगा, मानाचं हाड पुढं ठेवतील तेव्हा सांगा. आहे हिंमत?" मी म्हणालो, "सांगतो." "शपथ नको मला तुमची," ती म्हणाली. "मी पण येणार तिथं. दोरीपाशी उभी राहणार. तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन, आणि माझा आवाज आता मोठा आहे." तिनं गोधडीनं सगळे नान झाकून टाकले, मला चाखायला काढलेलासुद्धा. "जा आता."

मी घड्याळात बघितलं आणि गेलो नाही. तिथंच, हातगाडीपासून दोन पावलांवर, उभा राहिलो. "जा म्हटलं ना! काय बघताय?" "काही नाही. थांबतो." "कशाला?" मी म्हणालो, "तू तुझं काम कर. मी नुसता उभा राहतो." तिनं मला दोन शिव्या हासडल्या, खोऱ्यातल्या, घोडे हाकताना देतात तसल्या, आणि विकायला लागली. "गरम, गरम!" दात नसलेल्यांचं पुढं आलंच नाही तिला. दोन गिऱ्हाइकं झाली. तिसऱ्याला तिनं नान दिला आणि पैसे घ्यायला विसरली, तो बिचारा पैसे फळीवर ठेवून गेला. तिच्या मानेवर लाल चट्टे चढत गेले. हात थरथरायला लागले, अगदी तसे, वाडगा भरतानाचे. मग ती एकाएकी बाजाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, रिकाम्या खोक्यावर बसली, तळहात कमरेवर ठेवले आणि तिच्या घशातून एक लांब सूर निघाला. "आताकेम... माझे आताकेम..." तंबूत म्हणू न दिलेला विलाप होता तो, सासऱ्याचा. ज्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं, त्याला ती आता हाका मारत होती, भरलेली बादली आणली होती आताकेम, एक थेंब कमी नव्हता आताकेम, तुमची पाकोळी तहानलेलीच गेली, मी पाणी दाखवलं नाही, तुम्ही सांगितलं होतंत तसं दाखवलं नाही. कांदेवाल्यानं टोपी काढली. दोन बायका पिशव्या खाली ठेवून तिच्याशेजारी टेकल्या, कोण गेलंय हे न विचारता. माझा हात वरच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता, आणि यावर द्यायचं औषध माझ्या पेटीतही नव्हतं. मी टोपी काढून तिथंच उभा राहिलो. अर्धा तास व्हायला अजून बारा मिनिटं होती.